चार बोटं आखूड

थोरल्या राजपुत्राला जाऊन महिना होत आला, तरी त्याचं आसन दरबारी सुताराच्या कारखान्यात तसंच उभं होतं. चादरीखाली. कारखान्यात शिरणाऱ्याला क्षणभर वाटे, कोपऱ्यात कोणीतरी पांघरूण घेऊन बसलंय आणि एका बाजूला कललंय. थोरला बसायचाही तसाच. जन्मतःच त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चार बोटं आखूड होता, आणि आसन त्याच्या मापाचं होतं. त्यामुळे उजव्या तळव्याखालची पाटी डाव्या पाटीपेक्षा चार बोटं उंच.

या घराण्यात मुकुट नाही. मुकुट कोणाच्याही डोक्यावर बसतो, हीच त्यातली अडचण, असं पहिल्या राजाचं मत होतं. म्हणून त्याने आसनाची पद्धत घातली. राजा जिवंत असतानाच वारसाच्या अंगाचं माप घेऊन आसन करायचं. राजा गेला की वारसाने त्यात बसायचं. पाठ फळीला टेकलेली, दोन्ही तळवे पाट्यांवर सपाट, दोन्ही गुडघ्यांवर मिळून एक आडवी फळी, आणि फळीवर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी. शपथ संपेपर्यंत पाणी सांडलं नाही, तर तो राजा. सांडलं, तर माणूस खोटा, कारण आसन कधीच खोटं नसतं. मग राज्य राजाच्या भावाकडे.

पुढे एका हौशी राजाने आपल्या सगळ्या मुलांना एकेक आसन करून दिलं. तो गेल्यावर राज्यात आसनांइतकेच दरबार भरू लागले. त्या लढायांतून जी माणसं उरली, त्यांनी एका कडक हिवाळ्यात एक सोडून बाकीची आसनं जाळली आणि शेकत शेकत कायदा केला: एका कारकिर्दीत एकच आसन. तयार आसनाला पटाशी लावील त्याला फाशी. कायदा चांगला होता. वारसच आधी मरेल, एवढं फक्त कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळे शेकत होते.

‘बस,’ आसनाकडे बोट दाखवत आईसाहेब धाकट्या मुलाला म्हणाल्या.

धाकटा बसला. तिशीचा, ताडमाड उंच, दोन्ही पायांनी सरळ माणूस. राज्यातले घाटरस्ते त्याच्याकडे होते, आणि ते त्याने कधी पालखीतून पाहिले नव्हते. दरड कुठे कोसळेल हे तो पायांनी ओळखतो, असं मजूर म्हणत. दरबारात थोडा वेळ बसावं लागलं की त्याच्या पोटऱ्यांना मुंग्या येत आणि तो काहीतरी निमित्त काढून बाहेर सटके. अशा माणसाने उरलेला जन्म बसून काढायचा, यातली गंमत त्याच्या बायकोच्या ध्यानात आली. तिला घरात सगळे धाकटी म्हणत. पण ती हसली नाही. हसण्यासारखी वेळ नव्हती.

सुताराने गुडघ्यांवर फळी ठेवली. उजवा गुडघा चार बोटं वर, डावा खाली. फळी छपरासारखी उतरती झाली. सुताराने तरी रीत म्हणून वाटी टेकवली. ती सरळ घसरत येऊन त्याच्याच मांडीवर उपडी झाली.

‘थोडा खाली सरकून बस,’ आईसाहेब म्हणाल्या.

‘पाठ सुटते मग.’

‘डावी टाच उचल.’

‘तळवे सपाट पाहिजेत ना?’

‘सपाटच पाहिजेत,’ सुतार ओली मांडी झटकत म्हणाला. ‘थोरले साहेब बसले की पाणी हलायचंसुद्धा नाही. माशी पिऊन गेली तरी.’

धाकटी पुढे झाली. ‘ही उजवी पाटी जरा तासली तर? कोणाला कळणार आहे?’

‘वहिनीसाहेब, या आसनात एक खिळा नाही.’

‘खिळ्याचं कोण बोलतंय?’

‘नाही, सांगून ठेवतो. एकही नाही. पाटी काढायची तर सगळं आसन सुटं करावं लागेल. आणि ते केलं, तर काकासाहेबांचे लोक उद्या येऊन सांधे बघतील, आणि मला लटकवतील. लटकवल्याचं मला एवढं नाही. पण सांधे बिघडलेले दिसतील हो.’

‘कोण कोणाला लटकवतंय?’ दारातून आवाज आला.

काकासाहेब, अंथरुणाला खिळलेल्या महाराजांचे सख्खे धाकटे भाऊ, आत आले. गोलमटोल, गोरेपान, कोणालाही पाहिलं की चेहरा खुलणारा माणूस. त्यांनी जन्मात कोणावर आवाज चढवला नव्हता. त्यांच्या वाटेत येणारी माणसं तेवढी जिन्यांवरून पडत. थोरलाही उत्तरेच्या जिन्यावरून पडला. लंगडा माणूस, ओला जिना, कोणाला काय बोलणार? प्रेतावर पडून सगळ्यांत जास्त रडले ते काकासाहेब. त्यांना आवरायला चार माणसं लागली होती.

‘काय रे, बसतंय का?’

‘बघत होतो,’ धाकटा उठत म्हणाला.

‘बघ की! तुझ्या भावाचं आसन, तू नाही तर कोण बघणार? आणि नाही बसलं तर मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे ना. मला कुठे आसनबिसन पाहिजे? चटईवर बसेन मी. आता आणखी असे किती दिवस राहिलेत माझे?’

‘तुमचा त्याग ठाऊक आहे आम्हाला, भाऊजी,’ आईसाहेब म्हणाल्या.

‘वहिनी, तुम्ही दोन शब्द बोललात की कसं बरं वाटतं.’ काकासाहेब जायला वळले आणि दाराशी थांबले. ‘सूनबाई, भिंगरी कुठाय?’

भिंगरी म्हणजे धाकट्याची मुलगी. चार वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव पडलं होतं.

‘झोपवलंय तिला,’ धाकटी म्हणाली.

‘हो? मग मघाशी उत्तरेच्या जिन्यावर कोण दिसलं मला? काय पळते हो पोर! मी म्हटलं, अगं हळू, तुझे थोरले काका इथेच...’ त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. ‘पोरांना कुठे कळतं? आपण मोठ्यांनी लक्ष ठेवायचं.’

धाकटी त्यांच्या अंगावरून धावत बाहेर गेली.

*

भिंगरी दाईजवळ सापडली. दोन्ही गुडघे मळलेले, बाकी धडधाकट. धाकटीने तिला उचललं ती खाली ठेवली नाही. तशीच, पोर कडेवर घेऊन, ती महाराजांच्या खोलीलगतच्या बैठकीत येऊन बसली. आईसाहेब आणि धाकटा आधीच तिथे होते. मधलं दार अर्धं उघडं होतं आणि पलीकडून महाराजांचा श्वास ऐकू येत होता. बोथट करवतीने ओलं लाकूड कापावं तसा. राजवैद्य रोज सकाळी सांगे, आजचा दिवस. गेले कित्येक दिवस सांगत होता. त्याला आता स्वतःचीच लाज वाटू लागली होती.

‘आसनाला हात लावता येत नाही,’ आईसाहेब म्हणाल्या. गव्हातले खडे निवडावेत तसा त्यांचा आवाज सपाट होता. ‘कायदा आहे. पायाला हात लावू नये, असा कायदा नाही. मी विचारून घेतलं.’

‘म्हणजे?’ धाकटा म्हणाला.

‘गुडघ्याखाली मोडायचा. बसवताना हाडाची टोकं समोरासमोर नाही बसवायची, एकावर एक सरकवायची. तसंच जुळतं. आखूड. हाडवैद्य म्हणतो, होतं.’

‘तू त्याला विचारून आलीस?’

‘न विचारता कसं कळणार?’

धाकटा हसला. त्याला खरंच वाटलं, आईचं जागरण फार झालंय. मग त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्याचं हसू तोंडातच राहिलं.

‘आई, माझा पाय आहे तो.’

‘माहीत आहे. मीच दिलाय.’

पलीकडे श्वास अडला. तिघंही गप्प झाले. करवत पुन्हा सुरू झाली, तशी माणसंही सुरू झाली.

‘त्यापेक्षा आम्ही जातो,’ धाकटा म्हणाला. ‘तिघं. घाट ओलांडून.’

‘चौक्यांवर सगळी भाऊजींची माणसं बसलीत.’

‘चौक्या रस्त्यांवर आहेत. मेंढ्यांच्या वाटेला कोण चौकी बसवतो? वरच्या कड्याखालून एक वाट जाते. मी गेलोय तिने. दोनदा.’

‘बर्फात?’

‘एकदा बर्फात.’

‘पोर घेऊन?’

‘पाठीवर बांधेन. किती वजन आहे तिचं?’ तो आता उठून येरझाऱ्या घालू लागला होता, आणि चालायला लागल्याबरोबर त्याचा चेहरा बदलला. ‘पलीकडे काय रस्ते नाहीत? रस्ते बांधणाऱ्याला कुठेही काम आहे, आई. दोन खोल्या मिळतील. शेजारीपाजारी मिळतील. कोणाचं आसन नको, कोणाची वाटी नको. काका बसू देत चटईवर.’

‘आणि मागून माणसं पाठवू देत.’

‘पाठवतील. मला गाठतील का ते?’

गाठणार नव्हते, हे आईसाहेबांनाही ठाऊक होतं. त्या सुनेकडे वळल्या. ‘हिला विचार.’

‘हो, हिलाच विचारतो. तू सांग गं.’

मायलेकांचं बऱ्याच वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालं ते हे, की पायाचा निकाल तिसऱ्याने द्यावा.

धाकटीच्या डोळ्यांसमोर ती वाट आली. कधी पाहिली नव्हती, तरी स्वच्छ दिसली. एका माणसापुरती. पुढे नवरा, त्याच्या पाठीवर पोर, पोरीचे हात निळे. मग ती दोन खोल्यांची जागा आली. तिने त्यात स्वतःला उभं करून पाहिलं. चुलीपुढे, दाराशी. ती बाई काही केल्या तिची वाटेना. आणि मग, कोणी न बोलावता, दरबाराचा दिवाणखाना आला. ती आत शिरते आहे आणि सगळ्या बायका उठून उभ्या राहताहेत. काकासाहेबांच्या सुनासुद्धा. त्या तर सगळ्यांत आधी. यातलं कोणतं चित्र आधी आलं, पोरीचे हात की बायकांचं उठणं, हे तिने पुढे कधी स्वतःलाही विचारलं नाही.

‘नंतर चालता येईल ना?’ तिने आईसाहेबांना विचारलं.

धाकटा येरझाऱ्या घालता घालता थांबला.

‘लंगडत,’ आईसाहेब म्हणाल्या. ‘थोरला चालायचाच की.’

‘थोरला जिन्यावरून पडला, आई.’

‘तो राजा झाला नव्हता. राजे जिने उतरत नाहीत, त्यांना उचलून नेतात.’

धाकट्याने बायकोकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. ती भिंगरीच्या केसांतून बोटं फिरवत होती, आणि तिने मान वर केली नाही.

‘बरं,’ तो म्हणाला. बाजारातून काहीतरी आणायला सांगितल्यावर माणूस म्हणतो तसं.

*

हाडवैद्याने जन्मभर हाडं जोडली होती. कामाच्या पलीकडच्या टोकाला तो पहिल्यांदाच उभा होता, आणि त्यामुळे जरा बावरला होता. ‘उजवाच ना?’ असं त्याने येताना विचारलं, आत आल्यावर विचारलं, आणि अफूचं पाणी पाजून झाल्यावर पुन्हा विचारलं.

‘उजवा,’ आईसाहेब म्हणाल्या. ‘डावा मोडलास तर मग दोन्ही मोडावे लागतील.’

हे सगळं तबेल्यामागच्या खोगिरांच्या खोलीत चाललं होतं, कारण घोड्यावरून पडला असं बाहेर सांगायचं ठरलं होतं. दुपारची वेळ. पलीकडे घोडे चंदी खात होते. दोन ओंडके ठेवले होते, मध्ये वीतभर फट, आणि त्या फटीवर धाकट्याचा पाय आडवा. हाडवैद्याने धरायला तबेल्यातले दोन दांडगे मोतद्दार आणले होते.

‘हे नकोत,’ धाकटा म्हणाला. अफूने जीभ जड झाली होती. ‘ही धरेल.’

‘मी?’ धाकटी म्हणाली.

‘तूच.’

तिने घोटा धरला. दोन्ही हातांनी. तो तिला गरम लागला आणि त्यात नाडी उडत होती. तिने डोळे मिटले, आणि मग तिला वाटलं की मिटू नयेत, म्हणून उघडले.

पहिल्या घावाला मोडला नाही.

‘चांगलं हाड आहे,’ हाडवैद्य सवयीने कौतुकाने बोलून गेला, आणि त्याचं त्यालाच ओशाळल्यासारखं झालं.

दुसऱ्या घावाला मोडला. धाकट्याच्या तोंडून निघालेल्या आवाजाने पलीकडचे घोडे उधळायला लागले, आणि बाहेर सांगायची घोड्याची थाप निम्मी खरी झाली. हाडवैद्याने टोकं सरकवली, चार बोटं मोजली, पुन्हा जरा सरकवली, पुन्हा मोजली. कामट्या लावल्या, पट्ट्या आवळल्या. धाकटीचे हात घोट्यावरून सुटेनात. आईसाहेबांनी एकेक बोट उलगडून ते सोडवले.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब फळांची करंडी घेऊन आले.

‘घोडा का रे?’

‘घोडा,’ धाकटा छताकडे बघत म्हणाला.

‘कोणता?’

‘तांबडा.’

‘तो? अरे, ते किती गरीब जनावर!’ काकासाहेब पलंगाच्या कडेवर टेकले. त्यांची नजर उजव्या टाचेवरून डाव्या टाचेवर गेली, परत आली, आणि मध्येच कुठेतरी चार बोटांवर थांबली. मग त्यांनी करंडीतलं एक फळ उचलून पुतण्याच्या हातात ठेवलं आणि त्याचा हात थोपटला.

बाहेर आल्यावर ते एका खांबाला टेकून उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी जिने वापरले होते. हे त्यांना सुचलं नव्हतं. वहिनींबद्दल त्यांना आजवर माया होती, राग होता, थोडी कीवही होती. भीती आज पहिल्यांदाच वाटली, आणि त्यांच्या वयाच्या माणसाला नवीन काही वाटणं दुर्मीळ असल्यामुळे ते क्षणभर तिथेच थांबून ती अनुभवत राहिले. मग भावाच्या खोलीकडे गेले.

आता शर्यत लागली. एका खोलीत बापाचा श्वास, दुसऱ्या खोलीत मुलाचं हाड. हाड जुळायच्या आत श्वास संपला, तर आसनावर मोडका पाय घेऊन बसायचं आणि फळीचं वजन घ्यायचं. हाडवैद्य रोज म्हणे, थोडे दिवस आणखी द्या. राजवैद्य रोज म्हणे, आजचा दिवस.

आईसाहेब नवऱ्याच्या उशाशी बसल्या त्या उठल्या नाहीत. चमच्याने पाणी, चमच्याने पेज, पाठीला तेल, पायाला शेक. लग्न झाल्यापासून त्यांनी महाराजांची इतकी सेवा केली नव्हती. इतकं बोलल्याही नव्हत्या.

काकासाहेब दिवसातून दोनदा येत. आले की आधी खिडकी उघडत. बाहेर बर्फाचा वारा.

‘ताजी हवा, वहिनी.’

‘यांना शिळीच मानवते.’ आईसाहेब उठून खिडकी लावत.

‘अहो, कोंदट होतं.’

‘तुम्ही बाहेर जा ना, भाऊजी. तिथे पुष्कळ आहे.’

एकदा महाराजांनी डोळे उघडले. आवाज उरला नव्हता, नुसते ओठ हलत होते. आईसाहेबांनी कान जवळ नेला.

‘जाऊ दे ना मला.’

‘जाल. जरा हाड जुळू दे.’

‘कोणाचं?’

‘धाकट्याचं.’

‘पडला?’

‘हो.’

‘जिन्यावरून?’

‘नाही. घोड्यावरून.’

‘मग बरं,’ महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. आईसाहेब त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. या माणसाला सगळं माहीत होतं. भाऊ, जिने, सगळं. माहीत असून त्याने एवढी वर्षं काही केलं नाही, आणि आता बरं म्हणून तो झोपला होता. त्यांनी पेजेचा चमचा भरला आणि त्याचे दात उघडून आत ओतला, जरा जोरातच.

हाडवैद्याला अजून दोन आठवडे हवे होते. एके दुपारी बसल्या बसल्या आईसाहेबांचा डोळा लागला. जाग आली ती गारठ्याने. खोलीतली करवत बंद होती. खिडकी सताड उघडी होती, आणि पलंगापाशी काकासाहेब गुडघे टेकून, भावाचा हात गालाला लावून हमसून हमसून रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं. काकासाहेबांचं कुठलंच रडणं खोटं नसायचं, हीच त्यांच्याबाबतची अडचण होती.

*

दरबार भरला. धाकट्याला खांद्यांखाली हात घालून आणलं आणि आसनात बसवलं. पाठ टेकली. डावा तळवा टेकला. उजवा टेकला, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. सुताराने फळी ठेवली. फळी जाड होती, जुनी होती, आणि तिचं निम्मं वजन उजव्या गुडघ्यावर होतं. सुताराने तिच्यावर वाटी ठेवली आणि झारीने पाणी ओतत गेला. काठापर्यंत. मग, स्वतःच्या कामावर विश्वास असलेल्या माणसासारखा, आणखी दोन थेंब.

शपथ ज्या राजाने लिहिली, त्याला स्वतःचा आवाज ऐकायला आवडत असावा. ती संपता संपत नाही. नद्यांचं रक्षण करीन, पुलांचं करीन, विधवांचं करीन, वजनामापांचं करीन. धाकटा एकेक शब्द बाहेर काढत होता आणि त्याच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्याशी येऊन थांबत होता. तो थेंब वाटीत पडला तर काय, याबद्दल कायद्यात काही नव्हतं, त्यामुळे सगळा दरबार त्या नाकाकडे बघत होता. धाकटी मात्र नाकाकडे बघत नव्हती. ती पाण्याच्या कडेकडे बघत होती. कडा थरथरत होती. काठावर चढत होती, फुगत होती, परत खाली येत होती. धाकटीच्या दोन्ही हातांच्या मुठी वळल्या होत्या, घोटा धरल्यासारख्या.

‘...आणि रस्त्यांचं करीन,’ धाकटा म्हणाला. शपथ संपली.

पाणी सांडलं नाही.

‘बसलं! बसलं रे बसलं!’ सगळ्यांत आधी काकासाहेब ओरडले आणि सगळ्यांत आधी तेच वाकले. ‘म्हटलं नव्हतं मी?’

मग सगळे वाकले. दिवाणखान्यातल्या सगळ्या बायका उठल्या आणि धाकटीकडे वळून उभ्या राहिल्या. काकासाहेबांच्या सुना सगळ्यांत आधी. धाकटीला ते दिसलं की नाही कोण जाणे. ती पुढे धावली आणि तिने वाटी उचलली, म्हणजे निदान तेवढं वजन कमी होईल.

नव्या राजाने बसल्या जागी वारस सांगायचा असतो, आणि त्याच बैठकीत नव्या आसनाचं माप घ्यायचं असतं. धाकट्याने मुलीचं दरबारी नाव घेतलं. या घराण्यात पहिलं मूल म्हणजे पहिलं मूल, मुलगा असो की मुलगी. वारस लहान असला तर माप बसलेल्या राजाचं घेतात. पोर आपल्या माणसावर जातं, थोडं कमीजास्त चालून जातं, एवढाच सुतारांचा हिशेब.

सुतार सूत घेऊन आसनापुढे गुडघ्यांवर बसला. आधी डावा पाय मोजला. उजव्यापाशी आला आणि घुटमळला.

‘महाराज, डावाच धरून दोन्ही बाजू सारख्या करतो मग.’

‘हो, सारख्या,’ धाकटी म्हणाली.

‘नाही,’ धाकटा म्हणाला. ‘आहेत तशा.’

सुताराने वर पाहिलं. धाकटी वाटी हातात घेऊन आसनाशी वाकली, म्हणजे लांबून बघणाऱ्याला वाटावं, नवऱ्याला पाणी विचारते आहे.

‘अहो, तिचे पाय सरळ आहेत.’

‘माझेही होते.’

‘चार वर्षांची आहे ती.’

‘म्हणूनच.’ तो हळू बोलत होता. रागाने नाही. तिला वाटलं होतं तो कधीतरी रागावेल, आणि तिने त्याची तयारीही ठेवली होती. ‘सरळ आसन केलं, तर ते काकांच्या कुठल्याही नातवाला बसेल. मध्ये फक्त एक जिना लागेल. आणि असं केलं, तर कोणालाच बसणार नाही. ज्याला बसवायचं, त्याला धरणारं माणूस घरात लागतं.’ त्याने तिच्याकडे पाहिलं. ‘ते आपल्याकडे आहे.’

आसनामागे उभ्या असलेल्या आईसाहेबांनी किंचित मान हलवली. पोरगा शिकला, असं त्यांना वाटलं असावं. दरबार ताटकळत होता. काकासाहेब मान पुढे करून ऐकायचा प्रयत्न करत होते.

धाकटीने नाही म्हणायला तोंड उघडलं. शब्द तयार होता, जिभेवर होता, फक्त बाहेर ढकलायचा होता. तिने काकासाहेबांच्या लालबुंद, हसऱ्या, पुढे केलेल्या चेहऱ्याकडे एकदा बघितलं.

‘कधी?’ ती म्हणाली.

‘अजून पुष्कळ अवकाश आहे. हाड वाढायचं थांबू दे आधी,’ धाकटा म्हणाला. ‘तोवर पळू दे तिला.’

सुताराने उजव्या पायाला सूत लावलं.